नवस आणि नेम

सज्जनहो, लग्न तोंडावर आले की आमच्या माहुरातली पोरेही म्हणतात, "बुवा, तीन महिने जिम लावली आहे, भात-पोळी बंद!" ठीक. पण चौथ्या महिन्याचे काय?

अन्न एकाएकी तोडले म्हणजे देह आपला खर्च आखडता घेतो आणि भूक वाढवितो. म्हणून गेलेले वजन बहुधा परत येते, असे वैद्यकशास्त्र सांगते. यात देहाचा काय अपराध? आपण त्याच्याशी नवसाचा व्यवहार केला. नवस फळला की फिटला. नेमाला मुदत नसते. एक आषाढी झाली म्हणून वारकरी पंढरी 'आटोपली' म्हणतो काय?

मग मुदतीचा संकल्प व्यर्थच का? तसे नव्हे. चातुर्मासही चारच महिन्यांचा. परंतु तो जिभेला वळण लावण्यासाठी. कार्तिकीनंतर दुप्पट वांगी खाण्यासाठी नव्हे!

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला योग नाकारला, तसाच मुळी न खाणाऱ्यालाही. ज्ञानोबारायांनी 1290 साली तेथेच आहाराला माप सांगितले. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोन वेळा जेवा, 45 मिनिटे चाला म्हणतात. ते कोणाला मानवेल, हे ज्याने त्याने आपल्या वैद्यास विचारावे. मधुमेह्याने तर अवश्य. पण तेही हा जन्माचा नेम म्हणूनच सांगतात, हे ध्यानी घ्या.

देह आरशासाठी कमावला तर आरशापुढून हटताच सुटतो. रेणुकेचा गड चढायला, दिंडीत चालायला, म्हाताऱ्या आईला हात द्यायला कमावला, तर त्याचे काम रोजच आहे. मग नेमही रोजचाच.