डावीकडचे शून्य

शून्याला किंमत असते ती उजवीकडच्या. डावीकडे कितीही काढा, खात्यात दमडी वाढत नाही. बँकेत बावीस वर्षे खर्डेघाशी करून मी एवढेच तत्त्वज्ञान मिळवले होते. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाने तेही काढून घेतले.

वाचनालयाची सभासद-वही २००३ सालापासून संगणकात आहे. आत 'एस्क्यूलाइट' नावाचा डेटाबेस, आवृत्ती दुसरी. हिचा स्वभाव आजीच्या ट्रंकेसारखा. रकान्यावर काहीही लिहा, आत टाकलेले जसेच्या तसे राहायचे. २००४ साली आलेली तिसरी आवृत्ती मात्र रकान्याच्या डोक्यावरचा शब्द वाचते आणि आतल्या मजकुराला तसे वळण लावते.

माझ्या भाच्याने जुनी वही नवीत ओतली. सभासद क्रमांकाच्या रकान्यावर पूर्वी कोणा भल्या माणसाने 'स्ट्रिंग' लिहून ठेवले होते, म्हणजे अक्षरांची माळ. पण नव्या बाईंना 'टेक्स्ट' कळते, 'स्ट्रिंग' कळत नाही. न कळणारा शब्द दिसला की त्या आत आकडेच असावेत असे धरून चालतात!

झाले! आजीव सभासद अप्पा, क्रमांक '०४७', एका दुपारीत '४७' झाले. ४७ क्रमांकाचा साधा सभासद आधीच होता आणि त्याने तीन रहस्यकथा बुडवल्या होत्या. दंडाची चिठ्ठी गेली अप्पांना. उभ्या आयुष्यात त्यांनी पुस्तकाचे पान दुमडले नव्हते.

"अप्पा, किंमत तीच आहे हो," मी समजूत घातली.

"किंमत तुझ्या बँकेत! हा माझा नंबर आहे. याची तू कशात बेरीज करणार आहेस?"

मी गप्प झालो. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा कसला? ते नावच. आणि आम्ही तरी काउंटरवर काय करतो? 'थकबाकीदार', 'ज्येष्ठ नागरिक', 'गृहिणी' असे रकाने आधी छापतो आणि मग माणसाला त्यात बसवतो. जो बसत नाही त्याचे काहीतरी गळते. चूक रकान्याची असते, चिठ्ठी मात्र माणसाला जाते.

नव्या वहीत गळलेले शून्य कुठेच उरले नव्हते. भाच्याने जुनी प्रत जपली होती म्हणून बरे. रकान्यावर 'टेक्स्ट' लिहून त्याने सगळे पुन्हा ओतले. मी अप्पांच्या घरी जाऊन माफी मागितली.

रात्री हे सारे बायकोला सांगितले.

"म्हणजे डावीकडच्या शून्यालाही अर्थ असतो तर!" ती म्हणाली, आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.