कोपरीचा नळ आणि युरोपचा कोळसा

ठाण्याच्या कोपरीत नळाला पाणी आले नाही की लोक नगरसेवकाचे दार ठोठावतात. त्याच्या हातात त्यातले असते किती? ठाणे शहराचे पाणी चार वाटांनी येते: महापालिकेची स्वतःची योजना, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि स्टेम. स्टेम म्हणजे शहाड-टेमघरची पाणीपुरवठा संस्था. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका व ठाणे जिल्हा परिषद तिच्यात भागीदार आहेत. उल्हास नदीचे पाणी एकत्र उचलायचे आणि वाटून घ्यायचे, ही कल्पना मला मोलाची वाटते. मात्र ज्या वस्तूत अनेकांची भागीदारी असते, तिचा जाब विचारायची जागाही सगळ्यांची असायला हवी. ती आपण अजून उभी केलेली नाही.

युरोपने एकत्र येण्याची सुरुवात कोळसा आणि पोलाद यांपासून केली. दोन महायुद्धांत एकमेकांविरुद्ध लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीपुढे ९ मे १९५० रोजी रॉबेर शुमान यांनी प्रस्ताव ठेवला, की युद्धाची सामग्री ज्यातून घडते ते कोळसा-पोलाद दोघांच्या वर बसणाऱ्या एका संस्थेकडे द्यावे. १९५१मध्ये सहा देशांनी करारावर सह्या केल्या. त्या संस्थेबरोबर एक सभा आणि एक न्यायालयही त्याच करारात निर्माण झाले. सभेला दोन तृतीयांश मतांनी संपूर्ण कारभारी मंडळ घरी पाठवता येत असे. सभासद तेव्हा लोकांनी थेट निवडलेले नव्हते; युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९मध्ये झाली. म्हणजे तिथेही लोकशाही उशिराच आली, आणि ब्रुसेल्समधले अधिकारी आपल्याला विचारत नाहीत ही तक्रार आजही थांबलेली नाही. तरी अधिकार एकत्र करताना त्यावर अंकुश कोणाचा, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच कागदावर लिहिला.

आमच्याकडे १९७५मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. महामार्ग, पूल, मेट्रो ही सारी त्याची कामे. पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या कोपरी पुलापाशी रस्ता अरुंद होई आणि तिथल्या कोंडीत ठाणेकरांच्या आयुष्याचे किती तास गेले, हे कोपरीकराला सांगायला नको. खालून रेल्वे, वर महामार्ग, कडेला महापालिकेचे रस्ते. पूल २०२३मध्ये रुंद झाला, चांगले झाले. पण तो इतकी वर्षे का अडला, हे विचारायला नागरिकाने नेमके कोणाच्या दारी जायचे? प्राधिकरणासाठी कोणी मतदान करत नाही.

शेजारच्या हरिओम नगरचे उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारे आहे. ही वस्ती मुलुंडची, मुंबई महापालिकेला कर भरणारी. पण आनंदनगरचा टोलनाका तिच्या आणि उरलेल्या मुलुंडच्या मध्ये. आपल्याच शहरात जायला पथकर! ऑक्टोबर २०२४मध्ये हलक्या वाहनांना माफी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. न्याय निवडणुकीच्या तोंडावर मिळतो तेव्हा तो हक्क न राहता मेहेरबानी होते, आणि मेहेरबानीची सवय लागलेला नागरिक हक्क मागणे विसरतो.

कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांची कहाणी याहून कडू आहे. १९८३मध्ये ती महापालिकेत गेली, २००२मध्ये वगळली गेली, २०१५मध्ये पुन्हा आत आली. २०२०मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयाने रद्द केला. ग्रामस्थांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. या प्रश्नावर मतपेटी मात्र त्यांच्यापुढे कधी ठेवली गेली नाही. नॉर्वेच्या जनतेला १९७२मध्ये आणि १९९४मध्ये युरोपच्या या एकत्र संघटनेत सामील व्हायचे का, असे विचारले गेले. दोन्ही वेळा लोक नाही म्हणाले आणि देश बाहेर राहिला. ब्रिटनने २०१६मध्ये बाहेर पडायचा कौल दिला. तो कौल मला चुकीचा वाटतो, तरी तो घेतला गेला याचा आदर वाटतो.

उपाय आपल्या राज्यघटनेत आहे. ७४व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे आहेत. महाराष्ट्राने १९९९मध्ये त्यासाठी कायदाही केला. कोपरीत प्रचाराला आलेल्या एका तरी उमेदवाराच्या तोंडून या समितीचे नाव ऐकले का? ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६मध्ये झाली. मधला सगळा काळ प्रशासकाचा होता आणि आपण तो निमूटपणे सोसला.

दोष केवळ सरकारचा नाही. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिवा परिसरात पडला, नंतर महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या भंडार्लीत गेला; तेव्हा आपण सुटकेचा श्वास घेतला, त्या गावाच्या विरोधाकडे पाहिले नाही. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. फाळणीत घर गमावलेल्या सिंधी निर्वासितांनी कोपरीची वसाहत उभी केली. हद्दीची रेघ माणसाला किती छळते, हे या वस्तीला कळायला हवे. म्हणून पाण्याच्या वाट्याची मागणी कोपरीने एकट्यासाठी करू नये. महानगर नियोजन समितीच्या बैठका ठरल्या वेळी आणि उघड व्हाव्यात, स्टेमचे आणि प्राधिकरणाचे हिशेब तिच्यापुढे यावेत, आणि धरणाकाठच्या पंचायतींचा शब्द तिथे महापौरांच्या शब्दाइतकाच धरला जावा, ही मागणी आपल्या नव्या नगरसेवकांकडे लेखी करावी.