किड्याच्या खात्यावर काय?

शालिग्रामातलं चक्र वज्रकीट नावाचा किडा कोरतो, अशी जुनी समजूत आहे. पांढुर्ण्याच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवलं. ते चक्र म्हणजे अमोनाईट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म, हे मला ठाऊक आहे. तरी ती समजूत मला टाकवत नाही. तुळशीच्या लग्नात जो दगड नवरदेव म्हणून उभा राहतो, तो एका किड्यानं घडवला हे मानताना आपल्या लोकांना कमीपणा वाटला नाही. पण त्या किड्याला पुण्य लागलं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

प्रश्न शालिग्राम देणाऱ्या गंडकी नदीपुरता नाही. पावसाळ्यानंतर वाहत्या ओढ्यातला गोटा उचलला, तर त्याला बारीक खडे चिकटून आलेले दिसतात. पंख फुटण्याआधी पाण्यातच वाढणाऱ्या काही अळ्या तोंडातून रेशीम काढून दोन खड्यांमध्ये जाळी विणतात आणि वाहत येणारं खाणं त्यात अडकवतात. जाळी पोटासाठी, पण तिच्यामुळे खडे बांधले जातात आणि ते हलवायला पाण्याला जास्त जोर लावावा लागतो. हे प्रयोगात मोजून पाहिलेलं आहे. मासे उलट गाळात तोंड खुपसून तळ सैल करतात, खेकडे काठ पोखरतात. कॅनडातल्या काही ओढ्यांत अंड्यांसाठी खड्डे करणारे सॅमन मासे वर्षभरात सरकणाऱ्या खडीपैकी जवळजवळ निम्मी खडी हलवतात! नदीचा तळ असा सतत विणला आणि उसवला जातो, आणि यातल्या कुणालाही नदीची फिकीर नाही.

आमच्या जाम नदीत गोट्यांना हेतू मिळतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. चंडीमातेचं नाव घेऊन दगड सुटतात आणि दर वर्षी माणसं रक्तबंबाळ होतात. मारणारा ते श्रद्धेच्या खात्यात लिहितो.

किड्याला पुण्य लागतं का, याचं धर्मशास्त्राचं उत्तर तयार आहे. मनुष्यजन्म ही कर्मयोनी, बाकीच्या भोगयोनी. किडा मागचं भोगतो, नवं जोडत नाही. त्याला पाप नाही, तसं पुण्यही नाही. वर्गात अळीचं रेशीम शिकवताना मला हे उत्तर कोरडं वाटे. तळ धरून ठेवणारीला शून्य आणि गोटा भिरकावणाऱ्याला खातं?

मग २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांवर टाकला. खेकड्यांना अटक करा म्हणत आंदोलक खेकडेच घेऊन पोलीस ठाण्यात गेले. लोक हसले. मला मात्र भोगयोनीच्या कल्पनेचा उपयोग त्या दिवशी कळला. खेकड्याला पुण्य द्यायचं तर पापही द्यावं लागेल, आणि ते द्यायला माणूस टपलेलाच असतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की कर्मं प्रकृतीचे गुण करतात, अहंकारानं भुललेला स्वतःला कर्ता समजतो. याचा आधार घेऊन कुणी म्हणेल, नदीतली वाळू उपसणाराही प्रकृतीच. मला हे पटत नाही. अळीला जाळी विणायचं थांबवता येत नाही, ट्रॅक्टरवाल्याला उपसा थांबवता येतो, आणि ती वाळू मागणाऱ्यालाही. सौंसरकडच्या कन्हान नदीची वाळू उचलली की तिच्यातल्या अळ्या, शिंपले, माशांची अंडी सगळंच ट्रॉलीत चढतं. घर बांधणारे आमच्याकडचे लोक सांगतात, वाळूची पावती आहे. असेल. पावतीवर ब्रास लिहिलेले असतात. त्या ब्रासात आणखी काय काय होतं, ते कुठल्या रकान्यात भरायचं, हे त्यांनी कीर्तनाला येणाऱ्या बुवांना एकदा विचारावं.