चेहरा ही अमानत

सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडणाऱ्यांची आता एक बिरादरीच तयार झाली आहे. तिच्यात शिक्षक आहेत, बँकेतले कारकून आहेत, खिशातल्या मोबाइलवर भागवणारे विद्यार्थी आहेत. आम्हीही त्यांतलेच. पोटासाठी नव्हे, हौसेपोटी आम्ही रोजचे जगणे टिपतो. चहाची टपरी, पावसात भिजणारा हातगाडीवाला, वुजूच्या हौदाकाठी बसलेले म्हातारे. मग ही छायाचित्रे एकमेकांना दाखवतो आणि त्यांवर तासन्‌तास बोलतो. उजेड कुठून आला, सावली जास्त झाली का, डावीकडचा खांब कापायला हवा होता का. या बोलण्यात एक प्रश्न मात्र सहसा येत नाही : ज्याचा चेहरा आपण टिपला, त्याला हे ठाऊक आहे का?

मुसलमान समाजाला छायाचित्राचा वाद नवा नाही. सजीवाची प्रतिमा करावी की करू नये, यावर उलेमांनी पुष्कळ शाई खर्च केली. छायाचित्रात माणूस नवी प्रतिमा घडवत नाही, असलेली सावली फक्त धरून ठेवतो, असा युक्तिवाद करून इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी त्याला परवानगी दिली. आपल्याकडे फोटोला ‘अक्स’ म्हणतात, त्यातही हाच अर्थ आहे. मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्याने तर १८६१ सालीच मदिनेची छायाचित्रे काढली होती. मौलाना आझादांच्या १९१२ साली सुरू झालेल्या ‘अल-हिलाल’मध्येही छायाचित्रे छापली जात. पुढे पासपोर्ट आला, हजच्या अर्जाला फोटो लागू लागला, आणि वाद निदान व्यवहारापुरता मिटला.

पण त्या साऱ्या वादात विचार झाला तो फोटो काढणाऱ्याच्या पापपुण्याचा. ज्याचा फोटो निघाला त्याच्या हक्काचा विचार फारसा झाला नाही. आजचा खरा प्रश्न तो आहे.

रमजानच्या संध्याकाळी मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या बाजूला गेलो तर खाणाऱ्यांच्या बरोबरीने कॅमेरेवाले दिसतात. निळ्या भिंतीपुढून एक काळा बुरखा जातो. चित्र सुरेख येते. पाहणारे रंगसंगतीला दाद देतात. तिथवर ठीक. मग कोणीतरी त्याला ‘बंदिस्त’ असे नाव देतो. ती बाई कदाचित रेशन घेऊन घरी निघालेली असेल, कदाचित शाळेत शिकवून परतणारी मुख्याध्यापिका असेल. तिला कोणी काही विचारलेले नसते. बुरख्याबद्दल मतभेद असू शकतात, आमच्यातही आहेत. पण तिच्या आयुष्याचा निकाल दोन सेकंदांच्या ओळखीवर कसा लावायचा?

दुसरी बाजूही खरी आहे. आधी विचारले की माणूस सावरून बसतो, केसांवरून हात फिरवतो, आणि हवा तो क्षण निघून जातो. विचारूनच फोटो काढायचे ठरवले असते तर जुन्या गावांची, बाजारांची किती तरी दृश्ये आज आपल्याकडे नसती. आणि आपल्या समाजाला तर या रोजच्या चित्रांची फार गरज आहे. वर्तमानपत्रात मुसलमान दिसतो तो बहुधा ईदच्या नमाजात, दंगलीत किंवा मतदानाच्या रांगेत. भिवंडीचा यंत्रमाग कामगार डबा खाताना दिसत नाही, मुलीचा गृहपाठ घेणारा बाप दिसत नाही. ही उणीव भरून काढतो तो हौशी माणूसच. म्हणून कॅमेरा खाली ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही.

तरीही चेहरा हातून सुटला की तो कुठवर जाईल, हे आपल्या हाती राहत नाही. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे छायाचित्र निघाले. १९८५ च्या जूनमध्ये ते ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आले आणि जगभर गेले. तिचे नाव शरबत गुला, हे जगाला कळायला २००२ साल उजाडले. तोवर तिने स्वतः ते चित्र पाहिलेही नव्हते. त्याच २००२ साली गुजरातच्या दंगलीत हात जोडून मदतीची याचना करणारे अहमदाबादचे शिंपी कुतुबुद्दीन अन्सारी जगाने पाहिले. ते छायाचित्र निघायलाच हवे होते, त्याने सत्य सांगितले. पण किंमत अन्सारींनी मोजली. मालेगावात कामाला गेले तर तिथेही चेहरा ओळखला गेला आणि काम सुटले. पुढे कोलकात्याला जाऊन राहावे लागले.

ही व्यावसायिकांची चित्रे होती, असे म्हणून आपली सुटका होत नाही. आज हौशी माणसाचा फोटोही तितक्याच दूर जातो. २०२१ च्या जुलैत आणि २०२२ च्या जानेवारीत मुस्लिम स्त्रियांचे फोटो परस्पर उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी अ‍ॅप निघाली. त्यांची नावे इथे लिहायची गरज नाही. पण ज्या बाईने स्वतःचा फोटोही कुठे दिलेला नाही, तिचा फोटो आपण चार लोकांत ठेवतो तेव्हा ही जोखीम तिच्या वतीने आपण पत्करत असतो.

आम्हाला वाट सापडते ती एका साध्या फरकात. फोटो काढणे आणि तो दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत. काढताना विचारायला वेळ नसेल. दाखवण्याआधी वेळच वेळ असतो. कुराणाच्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून परवानगी घ्यायला सांगितले आहे, आणि परत जा म्हटले तर परत जावे, असेही सांगितले आहे. चेहरा हे माणसाचे घरच आहे. टिपलेले चित्र त्या माणसाला दाखवावे, जमल्यास प्रत द्यावी, नको म्हणाला तर निमूटपणे पुसून टाकावे. जो पुन्हा भेटणारच नाही त्याच्याबाबत स्वतःला विचारावे : हा फोटो त्याच्या मुलांनी पाहिला तर त्याची मान खाली जाईल का? दर्ग्याबाहेरचा भिकारी, फुटपाथवर झोपलेला मजूर यांच्याबाबत तर हा प्रश्न दोनदा विचारावा.

आणि बाहेरच्यांना हे सांगण्याआधी आपल्या मोहल्ल्यातही पाहावे. रमजानात शिधा वाटला जातो, आणि पिशवी हातात धरलेल्या विधवेला देणगीदारांच्या रांगेत उभे करून फोटो काढला जातो. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, अशी शिकवण असलेल्या लोकांनी घेणाऱ्या बाईचा चेहरा गावभर फिरवावा? हिशेबासाठी पावती पुरते. तिथे परवानगी मागणेही फसवे असते, कारण ज्याच्या हातात शिधा आहे त्याला ती नाही कसे म्हणणार?

आम्ही हौशी लोक जमतो तेव्हा उजेड, सावली, चौकट यांवर जरूर बोलावे. ती चर्चा आनंदाची असते. फक्त तिच्यात एका प्रश्नाची भर घालावी : ‘हा फोटो त्यांना दाखवला का?’ उत्तर नाही असेल, तर चित्र कितीही देखणे असो, ते अजून आपले झालेले नाही. ते आपल्याकडे ठेवायला दिलेले आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो.