शेवटच्या पानाचं देणं

सज्जन माणसाने कोणापासून काही लपवून ठेवू नये, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पुढे रहस्यकथा लिहायला लागल्यावर लक्षात आलं, की आपला सगळा धंदा लपवण्यावरच चालतो. पहिल्या पानावर प्रेत पडतं, आणि खुनी कोण हे मला त्याच क्षणी ठाऊक असतं. तरी पुढची दीडशे पानं मी वाचकाला माळी, मोलकरीण, पुतण्या आणि वकील यांच्यामागे पळवत ठेवतो. याला साहित्य म्हणायचं की फसवणूक?

त्यातून मी राहतो मावळातल्या उर्से गावात. द्रुतगती महामार्गावरून जाणाऱ्यांना उर्से म्हणजे टोलनाका एवढंच माहीत. पण नाक्यापलीकडे चांगलं नांदतं गाव आहे, आणि गावात रहस्य टिकत नाही. माझ्याकडे पाहुणे येणार हे मला आदल्या दिवशी दूधवाल्याकडून समजतं. चहाच्या टपरीवर तर सरळच विचारतात, "काय काका, यंदा कोणाला मारताय?"

"एका सावकाराला," मी सांगतो.

"बरं झालं! कोणी मारला?"

इथे मात्र मी कपात तोंड घालतो. मंडळींना वाटतं, काकांना शिष्टपणा आलाय. वास्तविक तो शिष्टपणा नसतो, ते धंद्याचं इमान असतं!

हो, इमान! लपवणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाचे एक पाद्रीबुवा होते. ते स्वतः हेरकथा लिहीत. 1929 साली त्यांनी अशा कथांसाठी दहा नियम सांगितले. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच यायला हवा, गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकालाही लगेच दिसायला हवा, योगायोगाने गुन्हा उकलता कामा नये, वगैरे. खून पाडा, पण नीतीने पाडा! त्याआधी तीन वर्षं, 1926 साली, अगाथा ख्रिस्तीबाईंच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'वर बराच गदारोळ झाला होता, की बाईंनी वाचकाला फसवलं. बाईंचे पाठीराखे म्हणत, पुस्तक उलटून पुन्हा वाचा, सगळं तुमच्या डोळ्यांसमोरच ठेवलेलं होतं. त्यात खुनी कोण, ते मी सांगणार नाही. इमान म्हटलं ना!

माझी पद्धत साधी आहे. शेवटचं प्रकरण मी आधी लिहितो आणि मग उलट पावली पहिल्या प्रकरणाकडे येतो. समजा, वकीलसाहेबांना लांबचं दिसत नाही, ही गुरुकिल्ली आहे. तर तिसऱ्या प्रकरणात ते एस. टी. स्टँडवर शेजारच्याला विचारतात, "ही तळेगावची का हो?" वाचकाला वाटतं, मावळातला पाऊस, पाटी दिसत नसेल. पुढे पंधराव्या प्रकरणात हेच वकीलसाहेब शपथेवर सांगतात, की रात्री चाळीस हातांवरून त्यांनी माळ्याचा चेहरा ओळखला! पुरावा वाचकासमोर ठेवलेला होता. मी त्यावर फक्त पाऊस पाडला.

आमच्या सौ.चा मात्र या नीतिशास्त्रावर काडीचा विश्वास नाही. ती कोणतीही रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचते. माझीसुद्धा! म्हणते, "कोण मेलं, कोणी मारलं, या धास्तीत माणसं नीट बघता येत नाहीत. एकदा कळलं की निवांत बघता येतं, हा असा का वागला, ती तेव्हा का गप्प बसली."

मी तिला पुष्कळ सुनावलं. हा लेखकावर दरोडा आहे म्हटलं. पण एका दुपारी नव्या गोष्टीचा शेवट लिहायला बसलो असताना मनात आलं, मीही शेवटच्याच पानावरून सुरुवात करतो की! खुनी ठाऊक असल्यामुळेच मला त्याचे हात थरथरताना दिसतात. लिहिणारा मी आणि चोरून वाचणारी ती, दोघं एकाच मागच्या दाराने घरात शिरतो. पुढच्या दाराशी ताटकळत उभा राहतो तो बिचारा बाकीचा वाचक. त्याच्याशी माझा अलिखित करार असतो. तू मला आज तुझी झोप दे, शेवटच्या पानावर मी तुला सत्य देतो. म्हणजे रहस्यकथा लिहिणं ही एक प्रकारची उसनवारीच आहे.

या हिशेबाने पाहिलं, तर आपले रहस्यकथाकार मोठे सचोटीचे ठरतात. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या वर. सुहास शिरवळकरांच्या मंदार पटवर्धनांनी आणि फिरोज इराणींनी कॉलेजातल्या मुलांच्या रात्री जागवल्या. 'रतीब घालतात' म्हणून विद्वानांनी या मंडळींना साहित्याच्या ओसरीवरसुद्धा बसू दिलं नाही. पण मला सांगा, हजार वेळा वचन द्यायचं आणि हजार वेळा ते पाळायचं, हे तुमच्या-माझ्या ओळखीत कोणाला जमलंय? बाबुरावांचा झुंजार शेवटच्या पानावर हजर होणार म्हणजे होणार! आमच्याकडे प्लंबरसुद्धा असा येत नाही.

पण माणूस मर्त्य आहे, आणि खरा पेच तिथेच आहे. 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' बारा भागांत पुरी व्हायची होती. सहा भाग लिहून झाले आणि 1870 च्या जूनमध्ये डिकन्स वारला. एडविनचं काय झालं, यावर लोक अजून भांडताहेत. बरोबर शंभर वर्षांनी, 1970 साली, शरदिंदू बंद्योपाध्याय गेले. ब्योमकेश बक्षीचे हे जनक 1952 नंतर आपल्या पुण्यातच राहत होते. 1993 साली दूरदर्शनवर आलेला ब्योमकेश आठवत असेल. तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. त्याची 'विशुपाल वध' ही कथा शरदिंदूंच्या हातून अर्धीच राहिली. सत्यान्वेषी जागच्या जागी थांबला.

याबाबतीत मानलं ते ख्रिस्तीबाईंना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कधी काय होईल याचा नेम नाही म्हणून, त्यांनी पॉयरोची अखेरची कथा लिहून तिजोरीत ठेवून दिली. ती छापली गेली 1975 साली, आणि 1976 च्या जानेवारीत बाई गेल्या. तीस वर्षं आधी देणं फेडून ठेवलेलं!

आयुष्यात असं काही मिळत नाही. धाकट्या भावाने बोलणं का टाकलं, वडिलांनी ते शेत कोणाच्या शब्दाखातर विकलं, ही प्रकरणं अर्धीच राहतात, आणि ज्यांना ठाऊक असतं ते न सांगता निघून जातात. म्हणून मला वाटतं, लपवणं हे पाप नाही. सांगण्याची सोय न करता लपवणं, हे पाप.

मी आता सत्तरी ओलांडली आहे. चालू कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहून, पाकिटात घालून, कपाटातल्या तांदळाच्या डब्यामागे ठेवलं आहे. मधली प्रकरणं राहिली तर राहिली. निदान सावकाराला कोणी मारलं, ते टपरीवरच्या मंडळींना कळेल. पाकीट कुठे आहे, हे सौ.ला मी मुद्दाम सांगितलेलं नाही.

तिने ते केव्हाच वाचलं असणार. परवा जेवताना सहज म्हणाली, "त्या वकिलाला आधी एकदा तरी ठेचकाळू दे हो. नाहीतर लोकांना पटायचं नाही."