रोखून धरलेले संगीतपट आणि मालकीची मर्यादा

एकदा लोकांसमोर आलेली कलाकृती नंतर लोकांना दिसू न देण्याचा नैतिक अधिकार तिच्या मालकाला असतो का? हॉलिवूडच्या काही जुन्या संगीतपटांनी हा प्रश्न फार ठळकपणे उभा केला आहे. १९३० ते १९६० या काळातले बहुतेक नावाजलेले अमेरिकी संगीतपट व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी किंवा ब्लू-रेच्या रूपाने घरोघर पोचले. काही मात्र दशकानुदशके अडून राहिले. संगीतपटावर हक्कांचे थर अनेक असतात. मूळ कादंबरी किंवा नाटक एकाचे, संगीत दुसऱ्याचे, गीते तिसऱ्याची आणि या सगळ्यांवर उभा राहिलेला चित्रपट चौथ्याचा. जुने करार चित्रपटगृहांपुरते होते. प्रेक्षक चित्रपट विकत घेऊन घरी बघेल, ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या मनात नव्हती. पुढे ते माध्यम आले आणि एका थराच्या मालकाने मान हलवली नाही की सगळा चित्रपट अडकू लागला.

येथे हरवलेला चित्रपट आणि रोखलेला चित्रपट यांत फरक करावा लागतो. १९२९ च्या ‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ या सुरुवातीच्या रंगीत संगीतपटाचे थोडेच तुकडे उरले आहेत. भारतातल्या ‘आलम आरा’ची (१९३१) तर एकही प्रत शिल्लक नाही. ही हानी निष्काळजीपणाने किंवा काळाच्या ओघात झाली. तिच्याबद्दल हळहळ वाटते, पण आज कुणाला जाब विचारता येत नाही. रोखलेल्या चित्रपटाचे तसे नाही. तो अस्तित्वात असतो आणि कुणाच्या तरी ‘नाही’मुळे दिसत नसतो. तो ‘नाही’ ही माणसाने केलेली कृती आहे, म्हणून तिला कारण विचारता येते.

कारणे निरनिराळी असतात आणि काही अगदीच व्यापारी असतात. जेम्स व्हेल दिग्दर्शित ‘शो बोट’ (१९३६) एमजीएम या चित्रपट कंपनीने विकत घेतला तो दाखवण्यासाठी नव्हे. त्याच कथेवर ती कंपनी नवा रंगीत चित्रपट काढणार होती आणि जुन्याशी तुलना होऊ नये म्हणून तो बाजूला ठेवला गेला. पॉल रोबसन यांचे गाणे असलेला हा चित्रपट पुढे बराच काळ दुर्मीळ राहिला. त्याची ब्लू-रे आवृत्ती २०२० मध्ये आली. ‘ॲनी गेट युवर गन’ (१९५०) हा बेटी हटन यांचा चित्रपट संगीतकार अर्व्हिंग बर्लिन आणि एमजीएम यांच्यातल्या हक्कांच्या वादामुळे १९७३ पासून दिसेनासा झाला आणि २००० साली घरी बघण्याच्या रूपात आला. असे वाद तडजोडीने सुटतात, त्यांत तत्त्वाचा भाग थोडा. खरी कसोटी लागते ती ‘पॉर्गी अँड बेस’पाशी.

या कलाकृतीचा प्रवास लांबचा आहे. ड्युबोस हेवर्ड यांची कादंबरी १९२५ ची. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी तिचे नाटक केले ते १९२७ मध्ये. १९३५ साली जॉर्ज गर्शविन यांनी तिचा ऑपेरा केला. गीते हेवर्ड आणि जॉर्जचे बंधू आयरा यांची. जॉर्ज दोनच वर्षांनी वारले. निर्माता सॅम्युएल गोल्डविन यांनी चित्रपटाचे हक्क मिळवले तेही ठरावीक मुदतीसाठी. चित्रीकरण सुरू होण्याच्या सुमारास, जुलै १९५८ मध्ये, सेट आगीत जळून गेला. त्यानंतर दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांना दूर करून ऑटो प्रेमिंजर यांना आणण्यात आले. १९२७ चे नाटक आणि १९३५ चा ऑपेरा हे दोन्ही मामूलियन यांनीच बसवले होते. ७० मिलिमीटरच्या टॉड-एओ पद्धतीचा हा भव्य चित्रपट जून १९५९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. सिडनी पॉइटिए, डोरोथी डँड्रिज, सॅमी डेव्हिस ज्युनियर, पर्ल बेली, ब्रॉक पीटर्स, डायहॅन कॅरल असा नटसंच अमेरिकी पडद्यावर क्वचितच एकत्र आला असेल. पॉइटिए यांना आवाज दिला रॉबर्ट मॅकफेरिन यांनी आणि डँड्रिज यांना ॲडेल ॲडिसन यांनी. मॅकफेरिन हे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले पहिले कृष्णवर्णीय पुरुष गायक. संगीतसंयोजनासाठी आंद्रे प्रेविन आणि केन डार्बी यांना ऑस्कर मिळाले. तिकीटबारीवर मात्र चित्रपट कोसळला. १९६७ मध्ये तो अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, पुढे गोल्डविन यांच्या हक्कांची मुदत संपली आणि मूळ कृतीच्या वारसांच्या संमतीवाचून तो दाखवणे अशक्य झाले. प्रदर्शनाला साठ वर्षे उलटून गेली तरी त्याची अधिकृत डीव्हीडी किंवा ब्लू-रे निघाली नव्हती.

गर्शविन कुटुंबाला हा चित्रपट आवडला नव्हता, हे जगजाहीर आहे. त्यांची बाजू हलक्याने घेण्यासारखी नाही. गर्शविन यांनी अखंड गायचा ऑपेरा लिहिला होता. चित्रपटाने त्यातल्या गायलेल्या संवादांचे साधे बोललेले संवाद केले आणि ऑपेराचा संगीतपट झाला. साहित्य आणि कलाकृतींच्या संरक्षणासाठी झालेला बर्न करार लेखकाला एक नैतिक हक्क देतो: कृतीची प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड झाल्यास तो आक्षेप घेऊ शकतो. शिवाय हे वारस केवळ अडवणूक करणारे होते असेही म्हणता येत नाही. ऑपेरातल्या कृष्णवर्णीय भूमिका कृष्णवर्णीय कलावंतांनीच करायच्या, ही अट त्यांनी चिकाटीने सांभाळली. बुडापेस्टच्या सरकारी ऑपेराने २०१८ मध्ये तो मुख्यतः गोऱ्या गायकांना घेऊन केला तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. कृतीचा सांभाळ करणारे कुणीतरी हवे, हे या प्रसंगावरून पटते. प्रश्न इतकाच, की सांभाळ करण्याच्या अधिकारात दडवण्याचा अधिकार येतो का.

या प्रश्नाला तत्त्वज्ञानात जुनी आणि चांगली उत्तरे आहेत. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली पुस्तकांच्या चोरट्या छपाईविरुद्ध एक निबंध लिहिला. त्यांच्या मते पुस्तक म्हणजे लेखकाचे लोकांशी चाललेले बोलणे आणि प्रकाशक म्हणजे लेखकाच्या नावाने ते पोचवणारा. म्हणून परवानगीवाचून छापणे गैर. लेखकाच्या बाजूने इतके ठाम उभे राहिलेले कांट त्याच निबंधात दुसरी गोष्टही सांगतात. हस्तलिखित छपाईला दिल्यावर लेखक वारला, तर प्रकाशकाला ते आपली मालमत्ता समजून दडपून ठेवता येत नाही. वारस नसतील तर ते प्रकाशित करायला लावण्याचा, नाहीतर दुसऱ्याच्या हवाली करायला लावण्याचा हक्क लोकांना आहे. कांट वारसांना येथे अपवाद ठेवतात हे खरे. पण त्यांच्या युक्तिवादाचा रोख स्पष्ट आहे: बोलणे दोघांत होते आणि ऐकणारा हा त्यातला एक पक्ष आहे.

हेगेल एक पाऊल पुढे जातात. मालकी म्हणजे वस्तूवर टाकलेली माणसाची इच्छा, असे ते मानतात. ती इच्छा वापरातून प्रकट होत राहिली पाहिजे, नाहीतर मालकी विरत जाते. याच न्यायाने लेखकाच्या कुटुंबाचा त्याच्या ग्रंथांवरचा हक्क कालांतराने संपतो आणि ते ग्रंथ सर्वांचे होतात, असे त्यांनी ‘हक्काचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथात नमूद केले आहे.

सर्वांत नेमका इशारा मात्र मेकॉले यांचा आहे. भारतात ते १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे ओळखले जातात. १८४१ मध्ये ब्रिटिश संसदेत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार ठेवण्याचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी विचारले: हक्क ज्याच्या हाती जाईल त्या वारसाला ती कृतीच नकोशी वाटली तर? त्यांची उदाहरणे खरी होती. कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसन यांचा धर्मोपदेशक नातू कादंबरी वाचणेच पाप समजे. जेम्स बॉसवेल यांच्या थोरल्या मुलाला वडिलांनी लिहिलेले डॉ. जॉन्सन यांचे चरित्र घराण्याला लागलेला डाग वाटे. हक्क यांच्या हाती असते तर इंग्रजीतली ही मोठी पुस्तके दिसेनाशी झाली असती. लेखकाला मोबदला मिळावा म्हणून दिलेला हक्क कृतीच नाहीशी करण्याचे साधन होऊ शकतो, हे मेकॉले यांनी चित्रपटाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

चित्रपटाला हा इशारा अधिकच लागू पडतो, आणि येथे मुद्दा कलाप्रकाराच्या स्वरूपाशी जातो. तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलांचे दोन प्रकार मानले. स्वरलिपीवरून जे पुन्हा पुन्हा सादर होऊ शकते ते संगीत एका प्रकारात येते. चित्रासारखी कला दुसऱ्यात; तिथे ती विशिष्ट वस्तूच कृती असते. ऑपेरा पहिल्या प्रकारचा आहे. एखादा प्रयोग फसला तरी गर्शविन यांची स्वरलिपी अबाधित राहते, उद्या दुसरा प्रयोग होतो. वारसांनी एखाद्या नाटक कंपनीला परवानगी नाकारली तर एक प्रयोग टळतो, एवढेच. चित्रपट तसा नाही. त्यातला अभिनय एकदाच घडलेला असतो. डँड्रिज १९६५ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेल्या; त्यांनी साकारलेली नायिका बेस आता दुसरी कुणी देऊ शकत नाही. परवानगी नाकारताना वारस ऑपेराचे रक्षण करत आहेत असे वाटते. वस्तुतः ऑपेराला त्या चित्रपटापासून धोका नसतो. तो जगभर होत राहतो, त्यातली गाणी अगणित गायकांनी गायली आहेत. ज्यांचे खरोखर नुकसान होते ते या पडद्यावरचे कलावंत, आणि त्यांचे वारस या निर्णयात कुठेच नाहीत.

काळाबरोबर होणाऱ्या हानीचा मुद्दाही आहे. जॉन लॉक यांनी खाजगी मालकीचे समर्थन करताना तिला एक मर्यादा घातली: वापरात येण्याआधी नासून जाईल इतके कुणी स्वतःकडे घेऊ नये. लॉक फळे आणि धान्य यांबद्दल बोलत होते. पण १९५० च्या दशकातल्या ईस्टमनकलर फिल्मचे रंग उडत जातात आणि प्रिंट लालसर गुलाबी पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा नियम जुना वाटणार नाही. चित्रपट नव्याने नीट करायला पैसा लागतो. जो चित्रपट विकता येणार नाही त्यावर तो कोण खर्च करणार? रोखणे आणि नासणे यांतले अंतर अशा रीतीने दरवर्षी कमी होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘पॉर्गी अँड बेस’ची निवड राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत केली. राष्ट्राने जपण्याजोगा ठरवलेला चित्रपट त्या राष्ट्राच्या नागरिकाला विकत घेऊन बघता येत नाही, ही विसंगती तेव्हा अधिकृतच झाली. २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या झीगफेल्ड चित्रपटगृहात झाला तसा एखादा खेळ अभ्यासकांची आणि त्या शहरातल्या रसिकांची सोय करतो. घरी बघण्याची प्रत इतर सर्वांची करते, म्हणून तिची मागणी क्षुल्लक नाही.

रोखण्याचे आणखी एक कारण उरते आणि ते अधिक गंभीर आहे: चित्रपट लोकांचा अपमान करतो, हे. डिस्नेचा ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) यादवी युद्धानंतरच्या जॉर्जियातल्या मळ्यावरचे कृष्णवर्णीयांचे जीवन गोडगोड करून दाखवतो, असा आक्षेप प्रदर्शनाच्या वेळीच घेतला गेला. अमेरिकेत तो १९८६ मध्ये शेवटचा चित्रपटगृहांत आला, आणि तिथे त्याची कॅसेट किंवा डीव्हीडी डिस्नेने कधीच काढली नाही. युरोप आणि जपानमध्ये मात्र कॅसेटी विकल्या गेल्या. जे अमेरिकेत अपमानकारक ते जपानात विकण्याजोगे कसे, याचे नैतिक उत्तर देता येत नाही. त्यात अंकल रीमसची भूमिका करणारे जेम्स बॅस्केट यांना १९४८ मध्ये विशेष ऑस्कर मिळाले. अटलांटातल्या पहिल्या खेळाला मात्र ते उपस्थित नव्हते. वर्णभेद पाळणाऱ्या त्या शहरात त्यांना समारंभात बरोबरीने वावरता आले नसते. ही हकिगत त्या चित्रपटाइतकीच सांगण्यासारखी आहे, आणि चित्रपट दिसत नसेल तर तीही विसरली जाते.

‘पॉर्गी अँड बेस’वरही असे आक्षेप होते. पॉइटिए यांनी भूमिका नाखुशीने स्वीकारली होती. गायक-अभिनेते हॅरी बेलाफॉन्टे यांनी ती नाकारली. नाटककार लॉरेन हॅन्सबरी यांनी प्रेमिंजर यांच्याशी या चित्रपटावरून जाहीर वाद घातला. दुखावलेल्यांची तक्रार खरी असते आणि तिला उत्तर मिळायलाच हवे. पण कृती गुंडाळून ठेवली की तक्रारीचा पुरावाही तिच्याबरोबर गुंडाळला जातो, आणि पुढच्या पिढीला दोन्ही बाजू ऐकीव राहतात. आक्षेपांसह, त्या काळाच्या माहितीसह चित्रपट खुला ठेवणे हा अपमान झालेल्यांचाही अधिक मान राखणारा मार्ग आहे. मुलांसमोर तो आपोआप येऊ नये, अशी काळजी घेणे वेगळे. ती मालकाने जरूर घ्यावी.

या विचाराला कायद्यात आधार मिळू शकतो, हे भारतात दिसते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातले कलम ३१ सांगते की प्रसिद्ध झालेली कृती मालकाच्या नकारामुळे लोकांपासून दूर राहत असेल, तर योग्य मोबदला ठरवून ती प्रकाशित करण्याचा किंवा सादर करण्याचा सक्तीचा परवाना देता येतो. मालकाचे उत्पन्न राखायचे आणि त्याची मनाई मोडायची, असा हा न्याय आहे. कांट आणि मेकॉले यांना तो मान्य झाला असता.

अमेरिकेत आशा आहे ती मुदतीवर. तिथे अशा जुन्या कृतींचे संरक्षण प्रकाशनापासून ९५ वर्षे चालते. हेवर्ड यांची कादंबरी २०२१ मध्ये मुक्त झाली आहे, १९३५ च्या ऑपेराची मुदत २०३० अखेर संपते आणि १९५९ च्या चित्रपटांची २०५४ अखेर. वारसांनी आणि चित्रपटाच्या मालकांनी त्या तारखांची वाट न बघता, मूळ फिल्म वाचवता येण्याजोगी आहे तोवर ती नीट करून लोकांच्या हाती द्यावी.