यजमान कुणाला म्हणायचं?

आमच्या घरी आजवर कुणी जेवलंच नाही असं नाही. सोयरे जेवले, बहिणीच्या लग्नात वाडा जेवला, चौदा एप्रिलला मंडपात गाव जेवतं. पण ठरवून, सांगावा धाडून, 'शनिवारी रात्री आमच्या घरी जेवायला या' असं म्हणून बाहेरच्या जातीची माणसं आमच्या उंबऱ्याच्या आत ताटावर बसली, ती या पावसाळ्याच्या तोंडाला पहिल्यांदा. मी सव्वीस वर्षांचा आहे. म्हणजे या एका जेवणाला सव्वीस वर्षं लागली. बापाची आणि आज्याची वर्षं धरली तर हिशेब लांब जातो.

गाव जळकोट. तुळजापूर तालुका, जिल्हा धाराशिव. सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्ग सोडलं की पुढं. मी सोलापूरकडं एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तुटलेलं सूत सांधायचं, हेच काम. आठ तास तुटतं, आठ तास सांधतो. शाळा दहावीत सुटली. पुढचं जे काही वाचलं ते रातपाळीनंतर, झोप मोडून. तेव्हा या लेखात पंडिताला सापडणाऱ्या चुका असतील. असू द्यात. प्रश्न माझा आहे आणि तो मला छळतोय, म्हणून लिहितो.

खात्यात आम्ही पाच जण एका पाळीला डबा सोडतो. एक मराठा, एक लिंगायत, एक मुसलमान, एक मांग आणि मी. नावं लिहीत नाही. नावं लिहिली तर दोष त्या माणसावर जाऊन बसेल, आणि दोष एकट्या माणसाचा नाही. रात्री दोन वाजता मशीनच्या घरघरीत माझ्या मायच्या हातची शेंगाचटणी पाचही जण खातात. तिथं कुणाला काही वाटत नाही. मग मला वाटायचं, संपली की जात! गिरणीनं संपवली!

गिरणीनं काही संपवत नसतं, दोस्तहो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत तोंडानं ओढून भोकातून काढावं लागायचं. सुताला थुंकी लागायची. आपल्या थुंकीनं स्पृश्य कामगार बाटायचा. विणकामात पगार जास्त, म्हणून ते खातं त्यांचं. सूतकताईत पगार कमी, म्हणून ते आपलं. एकच मालक, एकच भोंगा, एकच लाल बावटा, पण तोंड वेगळं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. कामगारांची एकजूट म्हणता, तर आधी हे खातं उघडा. भाकरीचा लढा लढणाऱ्यांना थुंकीचा लढा दिसत नव्हता.

आता मशीन बदललं, तो धोटा गेला. पण मी विचार करू लागलो, की खात्यात चटणी चालते ती का चालते? मला सापडलेलं उत्तर असं : गिरणी कुणाचंच घर नाही. तिथं जो तो आपला डबा आणतो. डब्याला यजमान नसतो. तिथं कुणी कुणाचा पाहुणा होत नाही, म्हणून कुणाला खाली यावं लागत नाही आणि कुणाला वर चढावं लागत नाही. खरी परीक्षा उंबऱ्यावर असते. म्हणून मी म्हणालो, या आमच्या घरी.

मायला सांगितलं तर ती घाबरली. म्हणाली, "आरं, आपल्या हातचं खातील व्हय ती?" बघा, जेवायला बोलावणाऱ्याच्या तोंडातलं पहिलं वाक्य हे! दुसऱ्याच्या घरात बाई विचारते, काय करू, किती करू. आमच्या घरात बाई विचारते, खातील का.

यात मायचा दोष नाही. आपल्याला यजमान होऊ कधी दिलं? आपले म्हातारे येसकर पाळीला दारोदार भाकरी मागत फिरले. गावाच्या लग्नात लाकडं फोडली आणि पंगती उठल्यावर उष्टं आणलं. माझा आज्जा सांगायचा, पंगत बसताना आपण कधी बघितलीच नाही, आपण बघितली ती उठलेली पंगत. आणि कुणी आपल्या पैशानं, आपल्या माणसांना, आपल्या दारात चांगलं वाढायला गेला तर काय होतं, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलंय. जयपूर संस्थानातलं चकवारा गाव, साल १९३६. आपल्यासारखाच एक माणूस तीर्थाहून आला आणि त्यानं जातभाईंना जेवण घातलं. त्यात तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना मारलं. तूप यजमानाचं, पैसा यजमानाचा, पाहुणे यजमानाचे. गुन्हा कुठला? गुन्हा एवढाच, की तो देणारा झाला. महाडलाही २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यानंतर मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला आणि अन्नात माती कालवली गेली. आपण उपाशी राहिलो तर त्यांना दया येते. आपण वाढू लागलो की राग येतो.

तर शनिवार आला. नळदुर्गहून पाच नवी स्टीलची ताटं आणली. मायनं मटणाचं सुक्कं आणि रस्सा केला. लिंगायत मित्रानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "मी वशाट खात नाही, पण येतो." त्याच्यासाठी पिठलं, भाकरी, ठेचा. मुसलमान दोस्तानं सरळ विचारलं, मटण कुठून आणलंस? मी म्हणालो, तुझ्याच सांगण्याच्या दुकानातून. तो हसला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. लिंगायत मित्र आमच्या माठात तांब्या बुडवून पाणी प्याला आणि पिठलं परत मागितलं. मला त्या रात्री एक गोष्ट कळली. न खाणं म्हणजे शिवाशिव नव्हे. आमचं मटण नाकारूनही माणूस आमचा होऊ शकतो.

मराठा मित्रानं मटण खाल्लं. चाटून पुसून खाल्लं, तारीफ केली. पण पाणी त्यानं स्वतःच्या पिशवीतल्या सीलबंद बाटलीतलं प्यालं. म्हणाला, पोट बिघडलंय, डॉक्टरनं बाहेरचं पाणी बंद केलंय. गिरणीत तो आमच्याबरोबर त्याच कूलरचं पाणी पितो. आता मी काय म्हणू? पोट खरंच बिघडलं असेल. तसं असेल तर मी हलकट ठरतो. नसेल तर तो ठरतो. पूर्वी पाणी वरून ओतायचे, ते चार माणसांना दिसायचं. आता शिवाशिव सीलबंद झाली, वीस रुपयांत मिळते. २६ जानेवारी १९५० पासून घटनेचं १७ वं कलम अस्पृश्यता गुन्हा मानतं, पण ते बाटलीला लावता येत नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख तुम्हाला आवडला असता. आपण टाळ्या वाजवल्या असत्या, त्या बाटलीवर एक कविता झाली असती. पण खरं अजून पुढं आहे, आणि ते लिहिताना हात जड होतोय.

नवी ताटं पाच. जेवणारे पाच, चार पाहुणे आणि मी. ताटं वाढून आली तेव्हा चौघांपुढं नवं स्टील होतं. मांग मित्रापुढं जर्मनचं जुनं ताट होतं, काठाला चेमटलेलं. पाचवं नवं ताट मांडणीवर उभंच होतं. मी बघितलं. त्यानंही बघितलं. एकदा मांडणीकडं, एकदा ताटाकडं. मग मान खाली घालून तो जेवू लागला.

मी काही बोललो नाही.

माझं नवं ताट मी त्याच्यापुढं सरकवू शकलो असतो. एवढंच करायचं होतं. पण माझ्या मनात आलं, पाहुण्यांदेखत मायचा पाणउतारा कसा करायचा? म्हातारं माणूस आहे. तिला काय कळतं?

आता हे वाक्य नीट ऐका. हेच वाक्य मराठा मित्र मला दोन वर्षं ऐकवतोय : "माझं काही नाही रे, पण आमच्या घरी म्हातारी आहे, तिला चालत नाही." म्हणून मी अजून त्याच्या घरी जेवलेलो नाही. बाटलीबद्दल मी त्याला मनात शिव्या घातल्या आणि त्याच रात्री, त्याच पंगतीत, त्याच्याच म्हातारीच्या पदराआड मीही लपलो. या देशात जात कुणीच पाळत नाही, सगळ्यांच्या घरी एक म्हातारी असते, ती पाळते. पोरं पुरोगामी आणि म्हाताऱ्या गुन्हेगार! सोयीची वाटणी आहे.

पाहुणे गेल्यावर मी मायला विचारलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मला कळलंच न्हाई रं. हात गेला." खोटं बोलली नाही ती. हात गेला. बाबासाहेबांनी सांगितलं, जात म्हणजे विटांची भिंत नव्हे, ती मनातली कल्पना आहे. मी एवढंच जोडतो की पिढ्यान् पिढ्या मनात राहून ती हातात उतरते. मग मनानं नाही म्हटलं तरी हात जुन्या ताटाकडं जातो. तिची सासू येसकराची भाकरी वरून पदरात झेलायची आणि घरी येताना मांगवाड्यातलं पाणी बाटेल म्हणून तहान मारायची. वरून फेकलेलं झेलणारी बाई खालच्याला हटकत होती. बाबासाहेब याला श्रेणीबद्ध असमानता म्हणतात. या उतरंडीत प्रत्येक मडक्याला खालचं एक मडकं दिलेलं आहे, म्हणून वरचं मडकं कुणी पाडत नाही.

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे आपल्याच जिल्ह्यात. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला बाबासाहेब इथं कसबे तडवळ्याला आले होते. परिषद कुणाची? महार-मांग वतनदारांची. दोघांची मिळून. आपण दरवर्षी त्या परिषदेची आठवण काढतो, फोटोला हार घालतो, आणि परिषदेच्या नावातला दुसरा शब्द विसरतो.

आता कुणी म्हणेल, एका ताटाचं एवढं काय? सहभोजनानं जात जात नाही, हे बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये सांगितलंय. बरोबर आहे. त्यांनी सांगितलं, बरोबर जेवून जात मरत नाही. बेटीव्यवहार झाला पाहिजे आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धा उडाली पाहिजे. आमच्या हायवेनं उमरग्याच्या पुढं कर्नाटकात गेलं की बसवकल्याण लागतं. बाराव्या शतकात तिथं शरण एकत्र बसले, बोलले, जेवले. राज्य चालू राहिलं. पण चांभार हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं आणि परंपरा सांगते की दोन्ही बापांना हाल करून मारलं. ताटापर्यंत चालतं, रक्तापर्यंत गेलं की हत्ती सुटतो.

मग मी जेवण कशाला घातलं? जात मारायला नाही, हे आता मला कळतं. जात मारण्याच्या आधी स्वतःच्या घरातली जात दिसावी लागते, आणि ती ताट मांडल्याशिवाय दिसत नाही. भाषणात दिसत नाही. कवितेत तर नाहीच. माझ्या वहीत मांग बांधवांवर तीन कविता आहेत. त्या लिहिताना जर्मनचं ताट आमच्याच मांडणीवर होतं.

यजमान हा शब्द यज्ञातला. यज्ञ घालणारा, दक्षिणा देणारा तो यजमान. आपल्याला तो शब्द वारशात मिळाला नाही, आणि त्यांच्याकडून उसना घ्यायचा तर त्याची गुर्मीही बरोबर येते. आपल्याकडं दुसरं उदाहरण आहे. चुंद नावाच्या लोहाराच्या घरी तथागतांनी शेवटचं जेवण घेतलं. ते बाधलं. तेव्हा त्यांनी आनंदाला काय निरोप दिला? चुंदाला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या अन्नाचं पुण्य थोर आहे. मरणाच्या वाटेवर पाहुणा यजमानाची अब्रू सांभाळतो आहे. त्या शनिवारी आमच्या घरात हे कुणी केलं? जर्मनच्या ताटात गुमान जेवणाऱ्या माझ्या मित्रानं केलं. पण त्याची क्षमा म्हणजे मला परवानगी नव्हे.

सोमवारी पाळीवर मी त्याची माफी मागितली. त्यानं तुटलेलं सूत सांधलं, माझ्याकडं न बघता म्हणाला, "माफीचं काय करू? मायला घेऊन माझ्या घरी जेवाय ये."

महिन्यानं गेलो. माय आधी नको म्हणाली, मग नवं लुगडं नेसली. त्याच्या आईनं वाढलं. माय पहिल्या भाकरीला गप्प होती. दुसऱ्या भाकरीला तिनं स्वतःहून पाणी मागितलं. येताना एस्टीत मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, ती काहीतरी मोठं बोलेल म्हणून. ती म्हणाली, "कालवण लई तिखट हुतं." आणि झोपली.

तेव्हा मित्रांनो, आपल्या घरी कोणकोण सवर्ण जेवून गेले याची यादी सांगणं बंद करूया. ते त्यांना सर्टिफिकेट देणं आहे. आपण कुणाच्या घरी जेवलो, आपल्या खालचं म्हणून ठेवलेल्या कुणाच्या उंबऱ्याच्या आत मायला घेऊन बसलो, ती यादी काढूया. माझ्या यादीत आज एकच घर आहे. भंगी वस्तीतलं, कैकाड्याचं, पारध्याचं एकही नाही.

मराठा मित्राला परत बोलावू का, असं माय विचारत होती. मी म्हणालो, आता पाळी त्याची आहे. त्याच्या म्हातारीला आमचा जयभीम सांगायचाय.